चुरमुऱ्याची माशी

"मासा मोठा हवा," मेनन म्हणाला. "नाहीतर लोक पान उलटून पुढं जातील."

आम्ही तिघं उंबराखाली गुडघाभर पाण्यात उभे होतो. मे महिन्यातली सकाळ, नऊ वाजले असतील. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांची नजर पाण्यावर होती. वरून एक पिकलं उंबर पाण्यात पडलं आणि त्याच जागी एक तपकिरी पाठ वर येऊन गेली. अप्पांनी काठी मागं नेली, दोरी पाठीमागं पूर्ण उलगडेपर्यंत थांबले, आणि मग पुढं सोडली. उंबर पडलं होतं तिथंच त्यांची माशी पडली. पाणी जरासं फुगलं आणि काठी वाकली.

माशी म्हणायचं ते आपलं शब्दापुरतं. गळाला लालसर लोकर गुंडाळून अप्पांनी ते उंबर बनवलं होतं. या मासेमारीत गांडूळ नाही, पिठाची गोळी नाही. पिसं, लोकर, खारीचे केस असं काहीबाही गळावर बांधून खोटं खाद्य करायचं. त्याला वजन नसतं, म्हणून दोरीच जाड आणि जड असते. फेकायची ती दोरी, माशी तिच्यामागून आपसूक जाते. अप्पा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. तरुणपणी ज्या धरणावर त्यांची नेमणूक होती, तिथल्या एका म्हाताऱ्या इंजिनिअरसाहेबांनी त्यांना ही विद्या शिकवली आणि निवृत्त होताना आपली काठी आणि दोरी गुंडाळायची चक्री देऊन टाकली.

धरलेला मासा ते सोडून देत. गळाच्या टोकाशी मासा सुटू नये म्हणून एक उलटी आकडी असते. अप्पा प्रत्येक गळाची आकडी पकडीनं दाबून सपाट करत, म्हणजे गळ अलगद निघतो आणि जखम राहत नाही. कायस्थांच्या घरात हे म्हणजे पाखंडच. आई पाहुण्यांना सांगे, "आमच्याकडे ह्यांचे मासे नदीत आणि माझे मासे बाजारात."

त्या सकाळी उंबराखाली दोन किलोचा राहू लागला. पुढं खडकांच्या कपारीत अप्पांनी कोंबड्याच्या काळ्या पिसांची माशी तळापर्यंत बुडू दिली, आणि एक चांगला हातभर शिंगाळा वर आला. मिशा फेंदारलेला, अंगावर एक खवला नाही. मेननने दोन फोटो काढले आणि कॅमेरा खाली केला. हा मासा एखाद्या चिडलेल्या सासऱ्यासारखा दिसतो, म्हणाला. अप्पा हसले. शिंगाळ्याचा काटा हाताला लागू न देता त्यांनी त्याला पोटाखालून धरलं, प्रवाहाकडे तोंड करून थोडा वेळ तसंच ठेवलं, आणि तो गेला.

मी मात्र हसू शकले नाही. मी चोवीस वर्षांची होते आणि मुंबईतल्या एका इंग्रजी मासिकात दुसऱ्यांच्या लेखांची मुद्रितं तपासत होते. वडलांच्या या छंदावर लिहू का, असं मी संपादकांना सहा महिने विचारत होते. शेवटी ते म्हणाले, चार पानं देतो, पण एक फोटो पानभर मावेल असा हवा. तो जमला तर पुढच्या महिन्यापासून तू मुद्रितांवर बसायचं नाहीस, लिहायचं. मासिकाचा फोटोग्राफर मेनन त्यांनी मला एका दिवसापुरता दिला होता. तो संध्याकाळच्या पाचच्या एस.टी.ने परत जाणार होता.

मोठे मासे कुठं असतात, असं मेननने विचारलं, तेव्हा अप्पांनी काठीनंच नदीच्या वरच्या अंगाला दाखवलं. "सोनजाईच्या कोंडात आहेत. पण ते आपले नाहीत."

त्यांनी आम्हाला तिथं नेलं, निव्वळ बघायला. नदी जिथं डोंगराला वळसा घालते तिथं खोल डोह आहे, आमच्याकडे डोहाला कोंड म्हणतात, आणि त्याच्या काठावर सोनजाईचं देऊळ. त्या कोंडात कोणी जाळं टाकत नाही, गळ टाकत नाही, साबण लावून आंघोळही करत नाही. मासे देवीचे. बारा गावांतली माणसं नवस फेडायला येतात ती चुरमुरे घेऊन. पायरीवर उभं राहून मूठ उघडली की पाणी उकळल्यासारखं होतं आणि तीन-तीन हात लांबीचे महाशीर, परातीतल्या पोळ्या एकमेकींवर सरकाव्यात तसे, एकमेकांच्या पाठीवरून सरकतात. खवले रुपयाएवढे, कडेला सोनेरी.

देवळाचा गुरव बाळाराम तेव्हा पन्नाशीचा होता. त्यानं मेननच्या हातात चुरमुरे दिले आणि अप्पांची फजिती सांगायला बसला. फजिती खरं तर त्याचीच होती. लग्नसराईत बाशिंगं करायला तो भेंड आणायचा; भेंड म्हणजे एका पाणवनस्पतीचा पांढराशुभ्र गाभा, फुंकर मारली तर उडेल इतका हलका. त्यातला एक तुकडा अप्पांनी मागून घेतला, कोरून कोरून त्याचा चुरमुरा केला आणि गळावर बसवला. मग एक दिवस खऱ्या मूठभर चुरमुऱ्यांत तो टाकून बाळारामच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, यातला माझा कुठला ते ओळख. बाळारामला ओळखू आला नाही. बोटाला टोचला तेव्हा कळला.

"मी म्हटलं, साहेब, आता देवीलापण फसवणार काय," बाळाराम म्हणाला.

"आणि मी म्हटलं, ही पाण्यात जायची नाही," अप्पा म्हणाले. "म्हणून तर तिची आकडीही दाबली नाही."

मेनन माझ्याकडे बघत होता. तो काही बोलला नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की त्यानं मला भरीला घातलं.

दुपारी जेवण झाल्यावर अप्पा ओटीवर आडवे झाले. आई मागं भांडी घासत होती. माश्या बांधायचं त्यांचं टेबल खिडकीशी होतं आणि तिथं एका बुचाच्या फळीवर तयार माश्या टोचून ठेवलेल्या असत. चुरमुऱ्याची सगळ्यांत वर, एकटी. मी ती काढली. खुंटीवरून काठी घेतली. मला फेकता येत होतं. दहा-अकरा वर्षांची असल्यापासून अप्पांनी अंगणात बादली ठेवून मला शिकवलं होतं. अजूनही मी फेकलेली माशी बादलीत पडली तर ते "शाब्बास मेधाबाई" म्हणत.

वाटेत मेननने विचारलं, "वडलांना विचारलंस?"

"विचारलं," मी म्हणाले.

"आणि देवळातला तो माणूस?"

"तो घरी जेवायला जातो. आमच्याकडे चालतं तसं."

अडीच-तीनची वेळ. देवळात कोणी नव्हतं. मी पायरीवर बसून दोरीच्या टोकाच्या बारीक धाग्याला माशी बांधली. गाठ आवळण्याआधी ती तोंडात धरून ओली करायची असते, नाहीतर धागा स्वतःच्याच घासण्यानं जळतो. अप्पांनी हे मला शंभरदा सांगितलं असेल. मला घाई होती. मी ती कोरडीच आवळली. मग मूठभर खरे चुरमुरे टाकले आणि पाणी उकळायला लागल्यावर त्यांत माझा टाकला.

लांब फेकावंही लागलं नाही. जिथं माणसाच्या हातून खायची सवय, तिथं भीती कुठली. एक मोठा मासा सावकाश वर आला, पाहुणा ताटावर बसतो तसा, आणि त्यानं चुरमुरा घेतला. मी काठी उचलली. त्यानंतरची दोन मिनिटं मला अजून हातांत आठवतात. चक्री किंचाळत होती. मासा एकदा पुरा पाण्याबाहेर आला, उन्हात सगळं अंग सोन्याचं. मागं कॅमेऱ्याची खटखट चालली होती आणि मेनन इंग्रजीत देवाचं नाव घेत होता. मग एकदम काठी सरळ झाली.

धागा गाठीत तुटला होता.

"मिळाला," मेनन म्हणाला. त्याला फोटो म्हणायचं होतं.

मी पाण्याकडे पाहत राहिले. कोंड शांत झाला होता. वर चुरमुरे तरंगत होते आणि एकही मासा ते खायला येत नव्हता.

घरी आले तेव्हा अप्पा अजून झोपलेले होते. मी काठी खुंटीवर ठेवली. मेनन पाचच्या गाडीनं गेला. अप्पा त्याला थांब्यापर्यंत सोडायला गेले आणि येताना मला म्हणाले की भला माणूस आहे, पुढच्या खेपेला पावसाआधी ये म्हटलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाराम आला. तो नेहमी अंगणातूनच हाक मारायचा. त्या दिवशी न बोलता ओटीपर्यंत आला. हातात पळसाचं पान होतं. पानावर माशी होती, लालसर पाण्यानं डागळलेली. मी आतून चहाचे कप घेऊन येत होते ती दारातच थांबले.

त्यानं पान ओटीवर ठेवलं. सांगितलं की सकाळच्या चुरमुऱ्याला एक मासा आला तो तोंड उघडंच ठेवून; त्याला मिटता येईना. चौघांनी धोतराच्या झोळीत त्याला धरला. माशी ओढली तर निघेना, आत रुतली होती. शेवटी निघाली ती जबड्याचा तुकडा घेऊन. मासा तळाला गेला तो परत दिसला नाही. देवळात माणसं जमली आहेत.

"साहेब, भेंड माझं हाय," बाळाराम म्हणाला. "ही तुमचीच ना?"

अप्पांनी माशी उचलली. गळाच्या डोळ्यात धाग्याचा छोटा तुकडा राहिला होता, डुकराच्या शेपटीसारखा पिळवटलेला. तो त्यांनी उजेडात धरून पाहिला. मग मान वळवून खिडकीशेजारच्या फळीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"माझीच," ते म्हणाले.

"मग कोंडात कशी गेली?"

"माझ्या घरातून गेली. जबाबदारी माझी."

बाळारामचं तोंड इतकं उतरलं की तो चिडला असता तर बरं झालं असतं. अठरा वर्षांची त्यांची सोबत. तो म्हणाला, "तुम्ही साहेब?"

मी तिथं दारात उभी होते. हातात दोन कप होते. बोलायला दोनच शब्द पुरले असते, 'मी टाकली', आणि मला आठवतं, ते तोंडात आलेही होते. पण त्याच वेळी मनात हिशेब चालला होता की हे गावात कळलं, गावातून मासिकापर्यंत गेलं, तर फोटो छापणार नाहीत.

"अप्पा, चहा," मी म्हणाले.

"ठेव," ते म्हणाले. "आल्यावर घेतो."

त्यांनी सदरा घातला, खुंटीवरून काठी घेतली आणि बाळारामबरोबर देवळाकडे गेले. चहा तसाच राहिला. दुपारी परत आले ते रिकाम्या हातांनी. आईनं पुष्कळ विचारलं. एवढंच म्हणाले, की चूक झाली, काठी देवीपाशी ठेवली. मी त्याच संध्याकाळी मुंबईला गेले.

लेख छापून आला. फोटो पानभर होता. मेननने कडा कापल्या होत्या. देवळाची पायरी दिसत नव्हती, नुसतं पाणी आणि हवेतला मासा. मला लेखकाची जागा मिळाली. अंक मी घरी पाठवला. आठ दिवसांनी तो टपालानं परत आला. अप्पांनी समासात पेन्सिलीनं एकच दुरुस्ती केली होती. राहूची पिल्लं धरणात आषाढात सोडतात असं मी लिहिलं होतं, तिथं 'श्रावणात' केलं होतं. फोटोच्या पानावर काही नव्हतं.

त्यानंतर अप्पा सव्वीस वर्षं जगले. घर नदीपासून हाकेच्या अंतरावर. त्यांनी पुन्हा गळ टाकला नाही. सकाळी काठावर जाऊन बसत आणि कुठं काय उसळलं ते आल्यावर सांगत. मी वर्षातून दोनदा जाई, दिवाळीत आणि मे महिन्यात. आम्ही पुस्तकांबद्दल बोलत असू, त्यांच्या रक्तदाबाबद्दल, माझ्या मुलीच्या शाळेबद्दल. मासेमारीचा विषय निघाला तर मी उठून काहीतरी आणायला आत जाई. काठीची खुंटी रिकामीच असे, आणि गावानं त्यांना जन्माची बंदी घातली आहे असं मी धरून चालले होते. खरं काय ते कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचा प्रश्न माझ्यावर आला असता.

या फाल्गुनात ते गेले. झोपेतच गेले. अकराव्या दिवशी सकाळी सगळे विधींच्या गडबडीत असताना मी एकटी सोनजाईच्या देवळात गेले. हे आता तरी सांगायचं, असं ठरवून गेले होते.

बाळाराम पायरीवर बसला होता. पंचाहत्तरी ओलांडली होती, डोळ्यांत मोतीबिंदूचा धुरकट पडदा. पूजा आता मुलगा करतो. मला त्यानं आवाजावरून ओळखलं, बस म्हणाला, अप्पांविषयी चार शब्द बोलला. मी बसले. कोंडात मासे होते. मी त्यांच्याकडे न बघता बोलले.

"बाळारामकाका, तेव्हाची ती माशी अप्पांनी नव्हती टाकली. मी टाकली होती."

"ठावं हाय," तो म्हणाला.

मला वाटलं त्यानं नीट ऐकलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

"ठावं हाय ताई. त्याच दिवशी कळलं. घरातून देवळात येताना साहेबांनी वाटेतच सांगितलं. म्हणाले, गाठ कोरडी आवळलीय, माझी गाठ अशी तुटत नाही. गावाला एक नाव पायजे, ते माझं घे. पोरीचं लगीन व्हायचंय, तिची नोकरी हाय, तिचं नाव काढायचं नाय. मी म्हटलं बरं."

"आणि मग जन्मभर..."

"जन्मभर कशाला?" बाळाराम म्हणाला. "गावानं एक वरीस काठी देवळात ठेवा म्हटलं होतं. पुढच्या जत्रेला नारळ फोडून मीच ती त्यांच्या घरी नेऊन दिली. म्हटलं साहेब, झालं गेलं, आता जावा उंबराखाली, तुमचे राहू वाट बघतायत."

तो पाण्याकडे तोंड करून बोलत होता. दिसत नसलं तरी त्याला तिकडंच बघायची सवय होती.

"नाय गेले. काठी माळ्यावर ठेवून दिली. म्हणाले, मेधा आपणहून सांगेल. तिनं सांगितलं की तिला घेऊनच जाईन, दोघं मिळून जाऊ. मी म्हटलं, मग तुम्हीच विचारा की तिला. तर म्हणाले, विचारलं तर ती हो म्हणेल रे. त्यात तिचं काय?"

मंडपात कोणीतरी घंटा वाजवली. बाळारामनं त्या दिशेला हात जोडले आणि परत मांडीवर ठेवले.

"मी चिडवायचो त्यांना. दर खेपेला तुम्ही यायच्या आदल्या दिवशी यायचे इथं, सांगायचे, उद्या लेक येतेय, दोरी धुऊन वाळत घातलीय. साबणाच्या पाण्यानं धुवायची असते ना ती, आणि ताणून वाळवायची, नायतर वेटोळी धरते. तुम्ही गेलात की परत गुंडाळून ठेवायचे. मी म्हणायचो, साहेब, ह्या दोरीला मासा नाय, नुसती आंघोळ."

तो स्वतःशीच हसला. मग माझा आवाज येत नाही हे ध्यानात येऊन थांबला, आणि हात चाचपडत माझ्या खांद्यापर्यंत आणून तिथं ठेवला.

मागच्या अंगणात दोन पोफळींच्या मध्ये एक हिरवट गुळगुळीत दोरी ताणलेली असायची. मी रात्रभराच्या प्रवासातून पोचले, आंघोळ केली, की टॉवेल त्या दोरीवर टाकत असे. थोड्या वेळानं पाहावं तर टॉवेल पलीकडच्या तारेवर गेलेला असे. मला वाटे, आई टाकते. आई नऊ वर्षांपूर्वी गेली. त्यानंतरही दर खेपेला माझा टॉवेल तसाच पलीकडच्या तारेवर जात राहिला.